शेवटची सायकल

यंदा बस्तरचा दसरा बघायला सायकलनं जायचं, असं रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या एका मराठी घरात ठरलं. निघणार होते तिघं: काका, बारावी झालेला त्यांचा पुतण्या आणि त्याची शाळकरी बहीण. पुतण्याला घरात सगळे दादा म्हणत आणि बहिणीला छोटी.

हा दसरा जिथं भरतो ते जगदलपूर तिथून सुमारे ३०० किलोमीटर. आदल्या रात्री काकांनी दोघांना वाट समजावून सांगितली. धमतरीपर्यंत भाताची खाचरं आणि सपाट रस्ता. १९०० साली सुरू झालेली छोटी रेल्वे कित्येक वर्षं याच अंगानं धावली, तेव्हा तिथं चढाची धास्ती नाही. कांकेरकडे जाताना टेकड्या जवळ येतात, पण पायांना फारसा त्रास देत नाहीत. खरी कसोटी त्यानंतरची. रायपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटरवर आहे आणि जगदलपूर साधारण ५५० मीटरवर. या फरकातला मोठा वाटा केशकालचा घाट एकदमच वसूल करतो. बारा वळणं, दोन्ही बाजूंना रान आणि अंगावर येणारे अवजड ट्रक. तो चढला की बस्तरचं पठार लागतं.

मग सामानाची वाटणी झाली. दादाची सायकल गिअरची आणि तोच सगळ्यांत ताकदीचा, म्हणून पंप, पाने, टायर उचकटायच्या पट्ट्या, सोल्यूशनची ट्यूब आणि रबराचे तुकडे त्याच्या पिशवीत गेले. काका म्हणाले, ‘‘पंप ज्याच्याकडे, तो शेवटी चालणार. एवढं लक्षात ठेव.’’

दादानं मान डोलावली आणि पहिले दोन दिवस शब्द पाळला. पिकत आलेल्या धानाच्या कडेनं तिघं रमतगमत धमतरीला पोचले आणि दुसऱ्या दिवशी कांकेरला. तिसऱ्या दिवशी सकाळी पाऊस लागून राहिला. निघायलाच उशीर झाला आणि घाटाच्या पायथ्याशी येईपर्यंत उन्हं कलली.

पावसानं धुतलेलं सालाचं रान समोर वर चढत गेलेलं दिसलं आणि दादाला राहवेना. ‘‘काका, मी वर जाऊन थांबतो,’’ असं म्हणून त्यानं सगळ्यांत हलका गिअर टाकला आणि तो निघाला. तो घाट फार सुरेख चढला. घाई केली नाही, दम तुटू दिला नाही, वळणाच्या आतल्या बाजूला जिथं चढ एकदम अंगावर येतो तिथं तो जरा बाहेरून गेला. एकदाही पाय न टेकता तो माथ्यावर पोचला. पाणी प्यायला आणि आनंदानं मागे वळून बघू लागला.

खाली निम्म्या घाटात छोटीचं मागचं चाक बसलं होतं. ट्रकचे टायर फुटतात तेव्हा त्यांतल्या बारीक तारा रस्त्यावर विखुरतात. तसलीच एक तार आत घुसली होती. काकांनी फोन काढला, पण घाटात रेंज नव्हती. दोघं सायकली हातात धरून चालू लागले. हवा गेलेलं चाक आणि कॅरिअरवरचं ओझं, छोटीला दहा पावलंही जड जात होती. प्रकाश कमी होत होता आणि प्रत्येक वळणावर ट्रकचे दिवे डोळ्यांवर येत होते.

तेवढ्यात बाजारातून परतणारे चार-पाच गावकरी खालून येताना दिसले. त्यांच्याही सायकली हातातच होत्या, कॅरिअरवर पोती बांधलेली. सर्वांत पुढे एक म्हातारा होता आणि सर्वांत मागे एक धट्टाकट्टा तरुण. त्या तरुणाच्या सायकलच्या दांडीला पंप बांधलेला होता.

‘‘का होगे नोनी?’’ त्यानं छोटीला विचारलं आणि पुढच्यांना हाक मारून थांबवलं.

त्यानं टायर उचकटून ट्यूब बाहेर काढली. पावसाच्या डबक्यात ती बुडवली आणि बुडबुडे कुठून येतात ते पाहिलं. जागा पुसून कोरडी केली, खरखरीत दगडानं घासली आणि आपल्या डबीतला रबराचा तुकडा त्यावर चिकटवला. काकांनी टायरच्या आतून हळूच बोट फिरवून तार शोधून काढली, नाहीतर ती पुन्हा टोचली असती. हवा भरून झाल्यावर काकांनी पैसे पुढे केले. त्या तरुणानं नुसते हात जोडले.

छोटीनं विचारलं, ‘‘भाऊ, तुम्ही एवढे दणकट, मग सगळ्यांच्या मागे का?’’

त्यालाच या प्रश्नाचं नवल वाटलं. म्हाताऱ्याच्या पोत्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, ‘‘चढावर भरलेली सायकल सुटली तर मागे येते. धरणारा मागेच पाहिजे ना?’’

माथ्यावर दादाचा आनंद केव्हाच ओसरला होता. येणाऱ्या प्रत्येक सायकलकडे तो आशेनं बघत होता. पिशवीत हात घातला आणि पंप हाताला लागला, तसं त्याच्या पोटात गोळा आला. तो तसाच उलटा फिरला, दोन्ही ब्रेक दाबत सावकाश घाट उतरू लागला. तेलीन मातेच्या देवळापाशी ट्रकवाले नमस्कार करायला थांबतात. तिथं त्याला दोघं भेटले. छोटीच्या चाकाला चिखल लागलेला, काकांचे हात काळे झालेले. काय घडलं ते त्याला विचारावं लागलं नाही.

‘‘पंप माझ्याकडे होता,’’ तो म्हणाला.

‘‘हो,’’ काका म्हणाले, ‘‘आणि आम्ही खाली होतो.’’

त्यापलीकडे काका रागाचं एक अक्षर बोलले नाहीत. रात्री केशकालला जेवणं झाल्यावर त्यांनी दोघांना जवळ बसवलं. ‘‘१७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे भास्करपंत छत्तीसगडात फौज घेऊन आले. पुढे १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरात राहून कारभार पाहू लागले. आपल्याकडची मराठी वस्ती त्या काळापासून रुजत गेली. मराठी फौज कूच करायची तेव्हा पुढे बिनीची तुकडी असे आणि मागे चंदावल. बिनीवाल्यांचं नाव होतं, ते व्हायलाच हवं. पण दाणागोटा, जखमी, दमलेली जनावरं हे सगळं मागे असतं. चंदावल कच्ची असेल तर पुढच्यांनी जिंकलेलंही हातचं जातं. बाळा, तुझे पाय चांगले आहेत म्हणूनच तुला मागची जागा दिली होती. ती शिक्षा नव्हती.’’

दुसऱ्या दिवशी फरसगावच्या वाटेला लागताना दादा न सांगता शेवटी राहिला. पहिला तासभर त्याला ते जड गेलं. रस्ता मोकळा, हवा गार, पाय शिवशिवत होते. मग हळूहळू त्याला मागून दिसू लागलं. छोटीचं सीट खाली होतं, म्हणून पॅडल मारताना तिचे गुडघे वर येत होते आणि ती लवकर दमत होती. त्यानं थांबवून सीट दोन बोटं वर केलं. काकांच्या कॅरिअरची दोरी सैल होऊन चाकाकडे लोंबत होती, ती त्यानं वेळीच बांधली. चढ आला की काका बोलणं थांबवतात, हेही त्याला पहिल्यांदाच कळलं. तिथून पुढे काका गप्प झाले की तो म्हणायचा, ‘‘काका, जरा पाणी पिऊ या.’’ पुढच्याला नुसता रस्ता दिसतो. मागच्याला रस्ता दिसतो आणि त्यावरची आपली माणसंही दिसतात.

कोंडागाव मागे पडलं आणि तिघंही जगदलपूरला एकत्र पोचले. बस्तरचा दसरा पंचाहत्तर दिवस चालतो. त्यात रावण जाळत नाहीत, तो दंतेश्वरी देवीचा उत्सव असतो. गर्दीतून अजस्र लाकडी रथ ओढत नेला जात होता. छोटीला नीट दिसावं म्हणून दादानं तिला पुढे उभं केलं आणि स्वतः तिच्या पाठीशी उभा राहिला.

तात्पर्य: चढावर ओझं मागे घसरतं, म्हणून सावरणारा हात मागेच असावा लागतो. घरात एखादा जास्त शिकतो, जास्त कमावतो, जास्त धडधाकट असतो. त्यानं पुढे धावून माथ्यावर वाट बघत बसलं तर त्याचं शिक्षण, पैसा आणि ताकद पिशवीतल्या पंपासारखी पडून राहते, कारण गरज खाली असते. तेव्हा ज्याच्यापाशी साधनं अधिक, त्यानं शेवटी चालावं. सगळ्यांत मागचा माणूस पोचला, तरच सगळे पोचले.