गैरहजर आणि मुका

पंगतीची पाने मांडताना परगावी असलेल्या मुलाचे पान कोणी मांडीत नाही. म्हणून तो घरातला नाही असेही कोणी म्हणत नाही. मोजण्याच्या या दोन रीती आपण इतक्या सहज वापरतो की त्या दोन आहेत हे ध्यानातही येत नाही. यंत्राला मात्र हे शिकवावे लागते.

लिनक्स ही संगणकप्रणाली कोसळली की तिच्या स्मृतीचा ठसा जपून ठेवण्याची केडम्प नावाची सोय २००५ सालापासून तिच्यात आहे. तो ठसा वाचणारे ‘क्रॅश’ हे साधन रेड हॅट कंपनीतील डेव्ह अँडरसन यांनी पुष्कळ वर्षे सांभाळले. हे एक प्रकारचे शवविच्छेदनच म्हणा ना! कोसळताना प्रत्येक चालू प्रोसेसर आपण त्या क्षणी कुठे होतो याची चिठ्ठी मागे ठेवतो. जो आधीच बंद करून बाजूला बसवलेला असतो, त्याची चिठ्ठी नसते. आणि घात असा, की चिठ्ठीवर लिहिणाऱ्या प्रोसेसरचा क्रमांक नसतो.

समजा, ० ते ७ असे ८ प्रोसेसर आहेत आणि क्रमांक २ बंद आहे. चिठ्ठ्या आल्या ७. भाबडे साधन त्या ओळीने वाटीत सुटले की ३ची चिठ्ठी २च्या नावावर पडते, ४ची ३च्या, आणि ७च्या हाती काहीच येत नाही. म्हणजे जो तेथे नव्हताच त्याची जबानी निघते आणि जो होता तो निरुत्तर ठरतो. हजेरीपट पाहून २ला वगळले की हा घोटाळा मिटतो. पण समजा, ५ हजर होता, तरी इतका अडकला होता की हाकेला ‘ओ’ देऊ शकला नाही. मग ६ची चिठ्ठी त्याच्या माथी! आणि पुष्कळदा दोषाचा धागा नेमका या मुक्याकडेच असतो.

गैरहजराला न मोजणे हा अन्याय, असे आपण म्हणतो. मला त्याहून मोठा अन्याय हा वाटतो, की गप्प माणसाची रिकामी जागा आपण शेजाऱ्याच्या शब्दांनी भरून टाकतो. घर विकायचे ठरते तेव्हा आजी काही बोलत नाही, आणि ‘आजीचीही हरकत नाही’ असे थोरला मुलगाच सांगून टाकतो. हे खोटे बोलणे नव्हे, कोणी म्हणेल. नसेल, पण जबानी चुकीच्या नावावर पडली ती पडलीच.

मग दोघांनाही वगळावे काय? तेही बरे नव्हे. बंद प्रोसेसरची स्मृतीतली जागा शाबूत असते, आणि तिथले जुने हिशेब कधी कामी येतात. मुक्याच्या बाबतीत तर त्याच्या दाराशी जाऊन, त्याने खरोखर चिठ्ठी लिहिली होती की नाही, हे पाहावे लागते. नसेल लिहिली, तर त्याच्या नावापुढे काही लिहायचे नाही. ‘क्रॅश’ आरंभीच एकूण प्रोसेसर ८ असे छापते आणि त्याच ओळीत, बंद १, असेही. बंद असलेल्यांची माहिती झाकून ठेवण्याची मुभा आहे. पण सांगितल्यावाचून ते ती झाकीत नाही.