कापलेला शेवट

नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राचा फोटो काढायचा, तर कॅमेरा हमखास वळतो तो कमरेत बारीक अशा प्रचंड मनोऱ्यांकडे. वर पांढरे लोट, फोटो झकास. खाली ‘धुराचा विळखा’ अशी ओळ टाकली की काम झालं. पण ते शीतकरण मनोरे; त्यातून निघते ती पाण्याची वाफ. कोळशाचा धूर जातो उंच, सडपातळ चिमणीतून, आणि सर्वांत बारीक राख तर कॅमेऱ्यात येतच नाही. म्हणजे फोटो खरा, ओळ चुकीची, आणि प्रदूषणाची काळजीही खरीच. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे इथल्या वसाहतीतल्या तिसरीच्या पोराला सहज उमगतं. त्याला मनोरा खिडकीतून दिसतो, आणि आत काय चालतं हे सांगणारं माणूस बऱ्याचदा घरातच असतं.

माध्यमं शिकवायची ती अशी, हाताशी असलेल्या वस्तूपासून. ‘मोबाईलवरचं काही खरं मानू नकोस’ एवढंच सांगितलं तर मूल खऱ्या बातमीवरचाही विश्वास गमावून बसतं. चित्रण कापणं, जोडणं म्हणजे प्रत्येक वेळी फसवणूक नव्हे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी ‘अंकुराची वाढ’ या लघुपटात कुंडीतल्या वाटाण्याचं रोज थोडं थोडं चित्रीकरण केलं, पडद्यावर पाहता पाहता रोप उभं राहिलं. वेळ कापला, पण सत्य अधिक स्पष्ट दिसलं.

पण कापूनच फसवताही येतं. 2018 सालची एक चित्रफीत घ्या. मोटारसायकलवरचे दोघे मूल उचलून नेतात. मुळात ती कराचीतल्या जनजागृतीची जाहिरात होती. शेवटी मूल परत आणून सोडतात. तेवढा शेवट कापून ती भारतभर फिरली. मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अशाच अफवांच्या भरात 1 जुलैला, आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, राईनपाड्यात आठवडे बाजाराच्या दिवशी जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडचे भिक्षेकरी, नाथपंथी डवरी गोसावी.

मारणारी लहान मुलं नव्हती. मुलांच्या काळजीपोटीच मोठ्यांनी मोबाईलवरचे असे निरोप पुढे ढकलले होते. म्हणून हा धडा मुलाला एकट्याला देऊन भागणार नाही. ‘आजोबा, हे कुणी काढलं? याच्या आधी काय झालं, नंतर काय?’ असं नातवाने विचारलं, तर त्याला उद्धट म्हणून गप्प बसवू नये. माहीत नसेल तर तसं सांगावं, आणि त्याच्यासमोरच तो निरोप पुसून टाकावा.