न पाहिलेल्या रोग्याचें औषध

आपल्या आयुर्वेदानें रोग्याची परीक्षा दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशी त्रिविध सांगितली आहे. वैद्यानें रोग्यास डोळ्यांनीं पाहावें, हातानें चांचपावें, तोंडानें विचारावें, आणि मग काय तें औषध द्यावें. यांतील पहिलीं दोन साधनें काढून घेतलीं आणि प्रश्न तेवढा शिल्लक ठेवला, तर वैद्यक हें वैद्यक राहील काय? आणि असा वैद्य ज्याला औषध देतो तो रोगी जर अफूच्या जातीच्या द्रव्यांचा व्यसनी असेल, म्हणजे ज्याच्या शब्दावर घरच्या माणसांचाहि विश्वास उरलेला नाहीं असा असेल, तर त्या औषधदानास दया म्हणावें कीं हलगर्जीपणा? हा प्रश्न केवळ काल्पनिक नाहीं. अमेरिकेंत गेल्या कांहीं वर्षांत तो रोजच्या व्यवहाराचा झाला आहे, आणि त्याच्या उत्तरावर माणसांचे प्राण अवलंबून आहेत. म्हणून नीतिशास्त्राच्या दृष्टीनें त्याचा थोडा विचार करण्याचें योजिलें आहे.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. १९९६ सालीं अमेरिकेंत ऑक्सिकॉन्टिन नांवाच्या वेदनाशामक गोळ्या बाजारांत आल्या. त्यांचें व्यसन लागण्याचा धोका अल्प आहे असें डॉक्टरांच्या मनावर बिंबविण्यांत आलें. या खोट्या प्रचाराबद्दल उत्पादकांच्या एका संलग्न कंपनीनें २००७ सालीं न्यायालयांत गुन्हाहि कबूल केला. पण तोंवर व्हावयाचें तें होऊन गेलें होतें. गोळ्या मिळेनाशा झाल्या तेव्हां पुष्कळ लोक हेरॉइनकडे वळले, आणि हेरॉइनमागून त्याहून कितीतरी पट तीव्र असें फेंटानिल आलें. २०२१, २०२२ व २०२३ या तिन्ही सालांत त्या देशांत मादक द्रव्यांच्या अतिसेवनानें दर वर्षीं एक लाखाहून अधिक माणसें मेलीं, आणि त्यांतील बहुतेकांच्या मृत्यूस अफूच्या जातीचीं द्रव्यें कारण होतीं. २०२४ मध्यें हा आंकडा सुमारें ऐंशी हजारांवर उतरला. पण उतरलेला आंकडाहि एका मध्यम शहराच्या लोकवस्तीएवढा आहे.

या रोगावर औषध नाहीं असें नाहीं. ब्यूप्रेनॉर्फिन नांवाचें औषध तेथें २००२ पासून या कामीं दिलें जातें. तें स्वतः त्याच जातीचें आहे, परंतु त्याचा प्रभाव एका मर्यादेपलीकडे वाढत नाहीं. तें तळमळ शमवितें आणि दुसऱ्या तीव्र द्रव्याचा अंमल चढूं देत नाहीं. या प्रकारच्या औषधोपचारांत टिकून राहणाऱ्यांचें मृत्यूचें प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येतें. अडचण होती ती औषधापर्यंत पोंचण्याची. रायन हेट नांवाचा अठरा वर्षांचा मुलगा इंटरनेटवरून मागविलेल्या वेदनाशामक गोळ्यांनीं २००१ सालीं मरण पावला, व त्याच्या नांवानें ओळखला जाणारा कायदा २००८ सालीं झाला. रोग्यास निदान एकदां समक्ष तपासल्यावांचून डॉक्टरानें अशीं नियंत्रित औषधें इंटरनेटच्या द्वारें देऊं नयेत, असा त्याचा आशय. एका आईबापांच्या दुःखांतून जन्मलेला हा कायदा सर्वथा समंजस होता. पण विषाची वाट अडवितांना त्यानें उताऱ्याचीहि वाट अडविली. २०२० च्या मार्चमध्यें साथीच्या दिवसांत ती मोकळी करावी लागली, आणि केवळ टेलिफोनवर बोलून ब्यूप्रेनॉर्फिन सुरू करण्याची मुभा मिळाली. हें औषध लिहून देण्यास डॉक्टरास लागणारी खास परवानगी २०२२ च्या अखेरीस रद्द झाली. आणि २०२५ च्या जानेवारींत प्रसिद्ध झालेल्या नियमानें समक्ष भेटीवांचून पहिल्या सहा महिन्यांचें औषध देण्याची तरतूद केली.

माझा एक जुना विद्यार्थी वेस्ट व्हर्जिनिया राज्यांत वैद्यकी करतो. डोंगराळ मुलूख, बंद पडलेल्या कोळशाच्या खाणी, विरळ वस्ती. कांहीं रोग्यांस दवाखाना मोटारीनें दोन तासांवर. मागल्या हिवाळ्यांत तो घरीं आला असतां मीं त्यास जरा खोंचूनच विचारलें, "काय रे, न पाहिलेल्या माणसाला असलें औषध लिहून देतांना तुझा हात कांपत नाहीं?" तो म्हणाला, "कांपतो, सर. पण न देतांनाहि कांपतो." मग त्यानें दोन रोग्यांची हकीकत सांगितली. एक बाई रात्रपाळी संपवून दुकानामागें उभ्या केलेल्या मोटारींत बसून त्याच्याशीं बोलते, कारण घरीं कोणास कळूं द्यावयाचें नसतें. तीन वर्षें झालीं. ती कामावर आहे व तिचीं मुलें तिच्याजवळ आहेत. दुसरा एक तरुण होता. दर खेपेस तो "ठीक आहे" म्हणे. एका आठवड्यांत त्याचा फोन आला नाहीं; पुढल्या आठवड्यांत त्याच्या आईचा आला. "तो समोर बसला असता तर मला दिसलें असतें का, हें मी अजून स्वतःला विचारतों," असें म्हणून तो गप्प बसला. मला त्या वेळीं उत्तर सुचलें नाहीं. पुढील विवेचन त्या उत्तराच्या शोधांतच झालें आहे.

पहिला आक्षेप असा कीं, हा उपचार फार सोपा आहे. व्यसनमुक्ति ही तपश्चर्या. ज्याला ती हवी त्यानें दाराशीं यावें, रांगेंत बसावें, आणि आपला निश्चय खरा असल्याचें दाखवावें. हें म्हणणें आपल्या संस्कारांस पटणारें आहे, आणि मीहि बराच काळ याच मताचा होतों. परंतु दवाखान्यापर्यंतच्या प्रवासानें मोजलें जातें काय? निश्चय नव्हे. ज्याच्यापाशीं मोटार आहे, ज्याला मालक रजा देतो, ज्याचीं मुलें सांभाळण्यास घरीं कोणी आहे, तो या परीक्षेंत उतरतो. तितक्याच निश्चयाचा दुसरा नापास होतो. शिवाय या रोगांत निश्चय हा स्थिर नसतो. कळतें पण वळत नाहीं, हीच तर त्याची व्याख्या! वळण्याची घटका येते ती कदाचित् रात्रीं दोन वाजतां येते आणि पहाटेस निघून जाते. अशा माणसास पुढल्या गुरुवारीं या म्हणून सांगितलें, तर मधले दिवस तो पुन्हा त्याच बाजारांत काढणार. आणि त्या बाजारांतील पुडींत विष किती हें विकणाऱ्यासहि ठाऊक नसतें. मीं तीस वर्षें वर्गांत हजेरी घेतली आहे. उशीरा आलेल्या विद्यार्थ्यास मीं रागें भरलों असेन. पण उशीराची शिक्षा देहान्त असावी असें कोणता शिक्षक म्हणेल?

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. एका अफूच्या जागीं दुसरी दिली, मग माणूस मुक्त कसला झाला? मधुमेह्याच्या इन्शुलिनचा दाखला येथें नेहमीं देतात. मला तो पुरता पटत नाहीं. कारण मधुमेह्यास इन्शुलिनची वासना नसते, आणि येथें वासना हाच रोग आहे. मला दुसराच दाखला जवळचा वाटतो. सावकाराच्या पाशांत सांपडलेला शेतकरी सहकारी पेढीचें अल्प व्याजाचें कर्ज काढून सावकाराचें देणें फेडतो. तो ऋणमुक्त झाला असें कोणी म्हणणार नाहीं. पण त्याचें शेत त्याच्या नांवावर राहिलें, आणि पिकाचा विचार करण्यास त्याचें डोकें मोकळें झालें. बंधन हें रक्तांत एखादें द्रव्य असण्यांत नसून माणसाचा सारा दिवस त्या एकाच द्रव्याच्या स्वाधीन होण्यांत आहे. मोटारींत बसून बोलणारी ती बाई रोज औषध घेते खरी. पण दिवसाचे बाकीचे तास ती स्वतःच्या मुलांस देऊं शकते. पूर्ण निरवलंब होणें हें श्रेष्ठ ध्येय आहे, हें मी नाकारीत नाहीं. मात्र त्या ध्येयाची घाई करण्याचा अधिकार आपणां प्रेक्षकांस नाहीं. कारण औषध एकाएकीं सोडलेल्या शरीराची सहनशक्ति उतरलेली असते, आणि पूर्वीचीच मात्रा पुन्हा घेतली तर ती प्राणघातक ठरूं शकते.

तिसरा आक्षेप विश्वासाचा. व्यसनी माणूस खोटें बोलतो. मग केवळ त्याच्या बोलण्यावर औषध कसें द्यावें? येथें या औषधाचा एक गुण ध्यानांत घेण्यासारखा आहे. शरीरांत पूर्वीचें द्रव्य भरपूर असतांना तें घेतलें, तर तें त्या द्रव्यास हुसकून लावतें व रोग्यास एकदम भयंकर यातना होतात. म्हणून शेवटचें सेवन केव्हां केलें, घाम, शहारे, कळा सुरू झाल्या कीं नाहींत, हें खरें सांगण्यांत रोग्याचेंच हित असतें. डॉक्टराचे डोळे येथें नसतात. रोग्यास स्वतःचा साक्षी व्हावें लागतें. ज्याच्या शब्दास कित्येक वर्षांत कोणीं किंमत दिली नाहीं, त्याचा शब्द पुन्हा प्रमाण धरला जातो, ही गोष्ट उपचाराबाहेरची आहे असें मला वाटत नाहीं. प्लेटोनें ‘लॉज’ या संवादांत दोन प्रकारचे वैद्य वर्णिले आहेत. गुलामांचा वैद्य कांहीं न विचारतां, कांहीं न सांगतां हुकूम सोडून पुढच्या रोग्याकडे धांवतो. स्वतंत्र नागरिकांचा वैद्य रोग्याशीं व त्याच्या आप्तेष्टांशीं बोलतो, त्यांजकडून शिकतो, आणि पटविल्यावांचून औषध देत नाहीं. दोघेहि रोग्यास समक्षच पाहतात. त्यांचा भेद दर्शनाचा नसून संवादाचा आहे.

तेव्हां प्रश्न राहिला तर वैद्यक राहतें. पण प्रश्न गेला तर समक्ष भेटींतहि दुकानच उरतें. धोका आहे तो येथें. जेथें व्यापारी मंडळी मिनिटें मोजून डॉक्टरास बोलावयास लावतात, तेथें टेलिफोनवरचा प्रश्नहि झिजत जातो. उत्तेजक औषधें अशा रीतीनें वाटल्याच्या आरोपावरून २०२४ सालीं अमेरिकेंत एका कंपनीच्या चालकांवर फौजदारी खटला झाला, हें विसरतां येत नाहीं.

आपणांसहि हा विषय परका नाहीं. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणें भारतांत सुमारें ७७ लक्ष लोकांस अफूच्या जातीच्या द्रव्यांच्या व्यसनासाठीं मदतीची गरज होती. पुण्यास १९८६ सालीं ‘मुक्तांगण’ निघालें, तें गर्दच्या साथीमुळें. एकत्र राहणें व माणसानें माणसास भेटणें यांचें मोल तेथें पाहावयास मिळतें. दूरवैद्यकाविषयीं २०२० च्या मार्चमध्यें आपल्याकडे जीं मार्गदर्शक तत्त्वें निघालीं, त्यांनीं अंमली व मनोव्यापारांवर परिणाम करणारीं औषधें निषिद्ध यादींत घातलीं. ही सावधगिरी निष्कारण म्हणतां येणार नाहीं. परंतु सावधगिरीनें जे वांचले ते आपणांस दिसतात. तिच्यामुळें जे दारापर्यंत पोंचलेच नाहींत ते कोणत्याच वहींत नोंदले जात नाहींत. हिशेब करतांना हीहि बाजू मांडावी, एवढेंच माझें म्हणणें आहे.

आतां त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतों. तो तरुण समोर असता तर दिसलें असतें काय? कदाचित् दिसलें असतें. दर्शनाची हानि ही खरी हानि आहे, आणि युक्तिवादानें ती भरून निघत नाहीं. मात्र तुलना पाहिलेला रोगी आणि न पाहिलेला रोगी यांचीच करून चालणार नाहीं. पुष्कळांच्या बाबतींत ती न पाहिलेला रोगी आणि कोणीच न विचारलेला रोगी यांच्यामध्यें असते. म्हणून औषध द्यावें, असाच माझा निर्णय आहे. पण त्याबरोबर एक कर्तव्यहि येतें. ज्यानें पाहण्याचा त्रास वांचविला त्यानें विचारण्याचा त्रास दुप्पट घेतला पाहिजे. रोग्यानें फोन करावा, ही अपेक्षा त्यास पुरेशी नाहीं. मीं त्यास असें पत्र लिहिलें. त्याचें उत्तर दोन ओळींचें आलें: ठरल्या दिवशीं ज्याचा फोन येत नाहीं, त्याला दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो आतां स्वतः फोन करतो.