नावानिशी सलाम

मननासाठी शास्त्रपाठ : रोमकरांस पत्र १६:१–१६



पवित्र शास्त्रातील काही भाग असे आहेत की, ते वाचताना आपले बोट ओळीवरून जरा लवकर सरकते. रोमकरांस पत्राचा शेवटचा अध्याय त्यांपैकी एक होय. पंधरा अध्याय प्रेषित पौल पाप, कृपा, विश्वास व नवे जीवन ह्यांविषयी बोलतो. आणि सोळाव्यात येते ती नुसती नावांची माळ. ह्याला सलाम सांगा, तिला सलाम सांगा. खरे सांगावयाचे तर ह्या अध्यायावर मी आजवर एकदाही उपदेश केला नव्हता. मागे तालुक्याच्या गावाहून आलेल्या एका पत्राने मला तो पुन्हा उघडावयास लाविले.

ते पत्र तेथील रोटरी क्लबाचे होते. हा क्लब म्हणजे काय, हे खेड्यातील वाचकांपैकी सर्वांस ठाऊक असेलच असे नाही. १९०५ साली फेब्रुवारीच्या २३ तारखेस अमेरिकेतील शिकागो शहरात पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तीन स्नेह्यांस जमवून त्याचा आरंभ केला. पाळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत बैठक भरे, त्यावरून चाकासारखे फिरणारे मंडळ असे नाव पडले. प्रथम हेतू इतकाच की, परक्या मोठ्या शहरात स्नेह मिळावा व धंद्यात एकमेकांस हात द्यावा. पण नुसत्या आपसांतील लाभावर त्यांचे मन फार दिवस रमले नाही. १९०७ साली त्यांनी शहरातील लोकांकरिता सार्वजनिक शौचकूप व्हावे म्हणून खटपट सुरू केली. धनवान व्यापारी व वकील शौचकूपासाठी दारोदार बोलत फिरले, हे वाचून मला ज्या रात्री प्रभूने कमरेस रुमाल बांधला त्या रात्रीची आठवण झाली. स्वतःपेक्षा सेवा श्रेष्ठ, असे त्यांचे ब्रीद आहे. मुंबईस त्यांचा क्लब १९२९ पासून आहे. १९८५ साली त्यांनी जगातून पोलिओ घालविण्याचा विडा उचलला. आपल्या देशात त्या रोगाचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला देश व शेजारील देश मिळून झालेला सारा विभाग त्यातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. ते काम एकट्या क्लबाचे नव्हे. सरकारचे, डॉक्टरांचे, आणि त्याहून अधिक त्या बायांचे, ज्या उन्हातान्हात थंड पेटी खांद्याला अडकवून वस्तीवस्तीवर फिरल्या, दोन थेंब पाजून बालकाच्या डाव्या करंगळीवर शाईची खूण करीत गेल्या. मुलांची करंगळी कोणीही पाहिली. खूण करणारीचे नाव कोणी विचारले?

क्लबाच्या पत्रात नेमके तेच विचारले होते. आपापल्या गावात जी माणसे वेतनावाचून दुसऱ्यांची सेवा करितात, मुलांस वळण लावितात, तरुणांस वाट दाखवितात, त्यांची नावे पाठवावीत; क्लब त्यांचा सत्कार करणार आहे.

मजपुढे एकच मुखवटा उभा राहिला. आमच्या मंडळीत एक वृद्ध विधवा आहेत. दिवेलागणीस त्यांच्या ओट्यावर मुले जमतात. अक्षरे, पाढे, शास्त्रातील वचने, आणि शेंबूड कसा पुसावा हेही, सर्व काही त्या ओट्यावर शिकविले जाते. दोन उपदेशक व एक परिचारिका त्याच ओट्यावरून उठून पुढे गेली. पोत्याचे आसन, तडा गेलेला फळा. सारे गाव त्यांना आजी म्हणते. मी लेखणी घेतली, नाव लिहावयास गेलो, आणि थांबलो. आजीचे नाव मला ठाऊक नव्हते. अकरा वर्षे मी ह्या मंडळीचा पाळक आहे. त्यांच्या हातची भाकरी मी खाल्ली आहे.

बाप्तिस्म्याचे जुने रजिस्टर काढिले. तेथे त्यांच्या बाप्तिस्म्याच्या तारखेपुढे पतीचे नाव होते, आणि त्यापुढे एवढेच, की त्याची बायको. शेवटी त्यांच्या घरी जाऊन विचारले. आजी घाबरल्या. म्हणाल्या, "माझं नाव कशाला पाहिजे, पाळकसाहेब? वर्गणीची काही बाकी ऱ्हायली का?"

बंधूंनो, त्या प्रश्नाने मला जितके लाजविले तितके कोणत्याही उपदेशाने लाजविले नव्हते. मंडळी आपले नाव विचारते ती फक्त येणे वसूल करावयास, असे एका विश्वासू सेविकेस वाटावे!

त्या रात्री मी सोळावा अध्याय वाचिला. पौलाने हे पत्र लिहिले तेव्हा रोम शहरात त्याचे पाऊलही पडले नव्हते. तरी त्याला तेथील वीसांहून अधिक जणांची नावे ठाऊक आहेत, आणि कित्येकांच्या नावाबरोबर त्यांचे कामही. प्रिस्का व अक्विला ह्यांनी त्याच्यासाठी आपली मान धोक्यात घातली. मरीयेने पुष्कळ श्रम केले. त्रुफैना, त्रुफोसा, पर्सिस ह्या श्रम करणाऱ्या. येथे श्रम ह्यासाठी जो ग्रीक शब्द आहे त्यात अंग मोडेपर्यंत राबण्याचा भाव आहे. सभेत बसून ठराव करण्याचा नव्हे. ह्या बायांपैकी कित्येकींविषयी पवित्र शास्त्रात दुसरीकडे एक अक्षरही नाही. पौलाने त्या दिवशी कंटाळा केला असता तर त्या जगाला कधी कळल्या नसत्या.

आणि तेराव्या वचनात रूफाची आई आहे. तिचे नाव पौलानेही दिलेले नाही. येथे मी बराच वेळ थांबलो, कारण आमच्या रजिस्टरातील नोंदीसारखीच ही नोंद आहे. परंतु पौल पुढे दोन शब्द जोडतो, की ती माझीही आई. कोठे, केव्हा तिने ह्या फिरत्या, मारलेल्या, आजारी माणसाला आईपण दिले हे आपल्याला सांगितलेले नाही. त्याने ते विसरले नाही, एवढे सांगितले आहे. आमच्या रजिस्टरात ते दोन शब्द नाहीत.

आजींचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ व मानपत्र मिळाले. व्यासपीठावर त्यांचे पूर्ण नाव मोठ्याने वाचिले गेले, तेव्हा त्या प्रथम उठल्याच नाहीत. ते आपलेच नाव हे ध्यानात येण्यास त्यांना क्षणभर लागला. (नारळाविषयी कोणी शंका काढिली. आजींनी तो घरी नेऊन फोडिला व खोबरे मुलांत वाटून टाकिले, तेव्हा शंकेस जागा उरली नाही.) त्यांचे नाव मी येथे छापीत नाही. छापू नका असे त्यांनीच बजाविले आहे.

परंतु पुढील रविवारी मंडळीतील एका वडिलांनी मला बाजूस घेऊन म्हटले, "पाळकसाहेब, हे बरे झाले नाही. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभूने काय सांगितले आहे? उजवा हात काय करितो ते डाव्यास कळू नये. जगाने मान दिला, आता स्वर्गातील प्रतिफळ गेले." हे वडील प्रामाणिक आहेत, आणि त्यांची भीती सर्वस्वी खोटी नाही. मान हा गोड असतो, आणि त्याची चटक लागते. क्लबांतही हा मोह आहे. रोटरीत १९५७ पासून संस्थापकाच्या नावाचा एक बहुमान आहे. तो ठराविक रकमेच्या, हजार डॉलरांच्या, देणगीशी जोडिलेला आहे. कित्येक जण ती रक्कम दुसऱ्या कोणा सेवकाच्या गौरवार्थ भरितात हे चांगले. तरी ज्याच्या बोटात सोन्याची अंगठी त्याला पुढची जागा, ही याकोबाने दाखविलेली चूक क्लबातच होते असे नाही. आमच्या देवळातील पाट्या वाचून पाहा. भिंत बांधणाऱ्यास देणगी देणाऱ्याची पाटी सापडेल. ती भिंत दरसाल सारविणाऱ्या बाईची सापडणार नाही.

तथापि त्या वडिलांस मी जे उत्तर दिले ते येथे लिहितो. प्रभूची ती आज्ञा कोणाला आहे? जो देतो त्याला. कर्णा वाजवू नको असे प्रभूने दात्यास सांगितले. ज्याने घेतले त्याला मुके राहण्यास सांगितले नाही. दहा कुष्ठरोगी शुद्ध झाले आणि एकच परत आला, तेव्हा नऊ कोठे आहेत असे प्रभूने विचारिले. बेथानीस त्या स्त्रीने सुगंधी तेल ओतले, तेव्हा तिची आठवण सर्व जगात सांगितली जाईल असे तो स्वतः म्हणाला. फिलिप्पैकरांस लिहिताना पौल एपफ्रदीताविषयी, जो सेवा करता करता मरणाच्या दारी गेला होता, स्पष्ट आज्ञा करितो की, अशांचा मान राखा. सेवकाने लपावे, मंडळीने शोधावे. आपण उलट केले आहे. देणगीचा आकडा आपण वाचून दाखवितो, आणि कोणा गरिबाचे आभार मानावयाची वेळ आली की मत्तयाचा सहावा अध्याय आठवितो. प्रभूचे वचन आपण आपल्या कृपणतेवर पांघरूण म्हणून घालीत आहो.

यापोची तबीथा आठवा. ती मेल्यावर विधवा रडत पेत्राभोवती उभ्या राहिल्या आणि तिने शिवलेली अंगरखे व वस्त्रे दाखवू लागल्या. ती जिवंत असता त्यांनी ती वस्त्रे कोणास दाखविली होती काय, हे लूक सांगत नाही. आमच्याकडे पुरणाच्या वेळी जी भाषणे होतात ती ऐकून माझ्या मनात नेहमी येते, ह्यातील अर्धी ह्या माणसाला गेल्या वर्षी ऐकू गेली असती तर?

आता आणखी एक गोष्ट, आणि ती शालीपेक्षा जड आहे. आपल्यापैकी पुष्कळ जण शेतकरी आहेत. पोळ्याच्या आदल्या सांजेस खांदेमळणी होते, हे मी तुम्हांस सांगावयास नको. रंगविलेली शिंगे, माळा, झूल हे दुसऱ्या दिवसाचे, लोकांनी पाहावे म्हणून. आदल्या सांजेस मात्र धनी बैलाजवळ जाऊन, जू बसून जेथे घट्टा पडला आहे त्या खांद्यालाच तूप-हळद चोळतो. त्या सणातील पूजा आपण सोडिली हे योग्यच. पण खांदा ओळखण्याची रीत सोडावयाचे कारण नव्हते. पौलही तीमथ्याला वडिलांच्या दुप्पट मानाविषयी लिहितो, आणि लगेच मळणीच्या बैलाची व मजुराच्या मजुरीची गोष्ट काढितो. म्हणजे त्याच्या मनात मान आणि भाकरी ह्या दोन वेगळ्या वस्तू नाहीत. ज्या मंडळीत उपदेशकाला नाताळात हार घालितात आणि त्याचा हिस्सा तीन तीन महिने थकवितात, त्या मंडळीने तो हार परत घ्यावा. उपदेशक बंधूंनो, हे तुमच्या वतीने लिहिताना मला तुम्हांसही एक विचारावयाचे आहे : तुम्ही नसता उपासना चालविणारा तो तरुण, घंटा वाजविणारा तो म्हातारा, ह्यांची पूर्ण नावे तुम्हांस ठाऊक आहेत काय? मला नव्हती.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी मी आजींकडे गेलो. शाल घडी करून पेटीत ठेविली होती. ओट्यावर तीच पोती, तोच फळा, आणि बावीस मुले. आजींना संध्याकाळी आता नीट दिसत नाही. मोठा मुलगा वचन वाचतो, त्या ऐकून चुका काढितात. क्लबाने आपले काम केले होते. आमचे अजून आरंभिलेही नव्हते.

वडिलांची सभा भरली. मत्तयाचा सहावा अध्याय पुढे करणाऱ्या त्याच वडिलांनी नवा फळा आणून दिला, आणि कोणाला सांगू नका म्हणाले. म्हणून मीही त्यांचे नाव लिहीत नाही. जुन्या नोंदीत खाडाखोड करू नये, पण तिच्या समोर समासात आजींचे नाव लिहून आजच्या तारखेनिशी सर्वांनी सही करावी, असे ठरले, तसे केले. आजींच्या डोळ्यांच्या तपासणीचा खर्च कापणीच्या उपकारस्तुतीच्या वर्गणीतून द्यावयाचा आहे. मुले शिकविण्यास मंडळीतील पाच जण आळीपाळीने ओट्यावर बसणार, तीन बहिणी व दोन तरुण. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार व शनिवार लागले आहेत. बुधवार अद्याप रिकामा आहे.