सडकेवर मेलेलें हरिण

(लेवीय 17:15, अनुवाद 22:1–3, शास्ते 14:8–9, 1 करिंथ 10:23–33. हे उतारे घरीं मोठ्यानें वाचून मग पुढील मजकूर वाचावा.)



कर्जत तालुक्यांत रेहेकुरी येथें काळविटांचें अभयारण्य आहे. तें 1980 सालीं स्थापन झालें. त्याचें क्षेत्र सवादोन चौरस किलोमीटरांहूनही थोडें कमी आहे. परंतु काळविटाला सरकारी हद्द ठाऊक नाहीं. हे प्राणी आसपासच्या शेतांत उतरतात, आणि चारा सडकेच्या एका अंगाला व पाणी दुसऱ्या अंगाला असलें म्हणजे त्यांस सडक ओलांडावी लागते. दिव्याचा झोत डोळ्यांवर आला कीं जनावर दिपून जागच्या जागीं उभें राहतें. मोटार निघून जाते, आणि पहांटे दूध घालावयास निघालेल्या मनुष्यास तें पडलेलें आढळतें.

त्या बाजूच्या आमच्या एका लहान मंडळींत गेल्या उन्हाळ्यांत असेंच घडलें. प्रभुभोजनाच्या रविवारीं आम्ही तेथें पोहोंचलों, तों प्रचारकाच्या ओट्याशीं माणसें जमलेलीं, पण मोठ्यानें कोणी बोलेना. दोघां भावांनीं पहांटे सडकेवरून मेलेली हरिणी फटफटीवर घालून आणिली होती, आणि गोणपाटाखालीं झांकून गोठ्यांत ठेविली होती. सुरी अजून लागली नव्हती. परंतु सात घरांचे वाटे मनांत पडून गेले होते. आठवा वाटा प्रचारकाचा, आणि दुपारच्या जेवणाचें एक पातेलें आमच्यासाठीं. प्रचारक आम्हांस एका बाजूला घेऊन म्हणाला, "पाळकसाहेब, नको म्हणावें तर मंडळी दुखावते, हो म्हणावें तर माझें मन घेत नाहीं."

थोरला भाऊ मात्र स्पष्ट बोलला. "आम्हीं मारिलें नाहीं, ट्रकवाल्यानें मारिलें. कोल्ह्याकुत्र्यांनीं खाल्लें तर चालतें, मग देवाच्या लेकरांनीं खाल्लें तर पाप कसलें?"

हा प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. ज्या घरांत मटण नाताळाला किंवा लग्नालाच शिजतें, त्या घरच्या बापाला वाटेंत फुकट सांपडलेलें मांस हें देवानें पाठविलेलें दान वाटलें, तर पोट भरलेल्या मनुष्यानें त्याला नांवें ठेवूं नयेत. म्हणून आम्ही प्रथम शास्त्राकडे वळलों.

मोशेच्या नियमशास्त्रांत हरिण शुद्ध पशूंमध्यें गणलेलें आहे, आणि शलमोन राजाच्या नित्याच्या पंक्तीलाही हरिणें लागत असत. परंतु आपोआप मेलेलें किंवा श्वापदानें फाडलेलें जनावर जो खाईल त्यानें वस्त्रें धुवावीं, स्नान करावें व सायंकाळपर्यंत अशुद्ध राहावें, असें लेवीयांत सांगितलें आहे. धाकटा भाऊ बायबल मन लावून वाचणारा आहे. त्यानें लगेच विचारिलें, "मग संध्याकाळीं आंघोळ केली म्हणजे भागलें कीं नाहीं?" सगळे हंसले, आम्हीही हंसलों. आणि प्रामाणिकपणें आम्हांस हें कबूल करावें लागलें कीं त्या नियमाच्या जोरावर आम्ही त्याला अडवूं शकत नाहीं. बाहेरून पोटांत जाणारें अन्न मनुष्यास भ्रष्ट करीत नाहीं असें प्रभूनेंच शिकविलें, आणि बाजारांत विकलें जाणारें मांस विवेकबुद्धीसाठीं चौकशी न करितां खावें अशी मोकळीक पौलानें करिंथच्या मंडळीस दिली. हें ऐकून दोघे भाऊ खुलले.

मग आम्हीं त्यांस तोच अध्याय पुढें वाचावयास लाविला. मोकळीक आहे, पण तिनें कोणाची उन्नति होते, आणि आपल्या शेजाऱ्याचें हित कशांत आहे, हें पौल त्याच दमांत विचारतो. ताटांतील अन्नाविषयीं आमची तक्रार नव्हती. गोणपाटाविषयीं होती.

शिमशोनाची गोष्ट आठवा. सिंहाच्या मढ्यांत त्याला मध सांपडला. तो त्यानें खाल्ला, आईबापांसही दिला, त्यांनींही खाल्ला. परंतु तो कोठून आणिला हें त्यानें त्यांस सांगितलें नाहीं. मध गोड होता, पण सांगण्याजोगा नव्हता. आमच्यासाठीं पातेलें शिजणार होतें, पण हें मांस कशाचें असें आम्हीं विचारिलें असतें तर यजमानानें काय उत्तर दिलें असतें?

आणि तें मांस कोणाचें? वाटेंत सांपडलेला बैल किंवा मेंढरूं दडवूं नये, धन्याकडे पोंचवावें, धनी ठाऊक नसला तर तो शोधीत येईपर्यंत सांभाळावें, असें अनुवादांत आहे. रानांतल्या हरिणाला धनी कोठला, असें कोणी म्हणेल. परंतु 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें मेलेला सांपडलेला वन्य प्राणीही सरकारची मालमत्ता असतो. तो ज्याच्या ताब्यांत येईल त्यानें अठ्ठेचाळीस तासांच्या आंत जवळच्या पोलीस ठाण्यास किंवा अधिकृत अधिकाऱ्यास कळवावें लागतें. काळवीट व चिंकारा हे पहिल्या अनुसूचींतील प्राणी आहेत, आणि त्यांच्या मांसाबद्दलच्या गुन्ह्यालाही तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणून प्रचारकांनीं आपल्या मंडळीस हें शिकवून ठेवावें कीं असें जनावर दिसलें तर हात लावूं नये, उचलूं नये, वनखात्याच्या 1926 ह्या क्रमांकावर कळवावें, आणि होईल तर कुत्र्यांपासून राखीत जवळ उभें राहावें. जनावरांत अजून धुगधुगी असेल तर हें दुप्पट त्वरेनें करावें. नीतिमान मनुष्य पशूच्या जिवाची काळजी वाहतो असें नीतिसूत्रांत आहे.

पोटाच्या दृष्टीनेंही तें मांस भरंवशाचें नव्हे. वरून जखम लहान दिसते, पण आंत कोठा फुटून घाण मांसांत मिसळलेली असते, रक्त अंगांतच राहिलेलें असतें, आणि उन्हाळ्यांत तें नासावयास वेळ लागत नाहीं. शिवाय रोगानें झोकांड्या खाणारें जनावरच मोटारीखालीं आलें नसेल कशावरून? काळपुळीचें जनावर सोलतांना हाताच्या लहानशा चिरेंतूनही रोग शिरतो.

एवढें बोलणें झाल्यावर भिंतीशीं बसलेली एक वृद्ध बाई बोलली. तिच्या सासऱ्यानें गांवचीं मेलेलीं ढोरें ओढलीं होतीं, आणि त्याच मांसावर घर जगलें होतें. ती म्हणाली, "बाप्तिस्म्याच्या दिवशीं त्यांनीं दोर टाकला तो टाकला. आतां तो पुन्हा घरांत कशाला?" कोणी कांहीं बोललें नाहीं. 1927 सालीं महाड येथें डॉ. आंबेडकरांनीं मेलेल्या ढोरांचें मांस सोडण्याविषयीं लोकांस कळकळीनें सांगितलें, तेंही ह्याच दोराविषयीं होतें. येथें एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगणें आम्हांस अवश्य वाटतें. आपल्या वाडवडिलांनीं भुकेपोटीं जें खाल्लें त्याची लाज त्यांच्यावर नाहीं. ज्यांनीं त्यांस दुसरें अन्न मिळूं दिलें नाहीं त्यांच्यावर आहे.

थोरल्या भावाचा राग आतां उतरला होता, पण भय उरलें होतें. "आतां कळविलें तर आम्हांलाच धरतील. मारणारा गेला निघून. गरिबाचें कोण ऐकतो?" ह्याला आमच्यापाशीं गुळगुळीत उत्तर नव्हतें. त्याचें भय खोटें आहे असें आम्हांस म्हणतां येईना. अशा लोकांवर नाहक आळ आलेले आम्हीं पाहिले आहेत. आम्ही इतकेंच म्हणालों कीं कळवावयास तुला एकट्याला जावें लागणार नाहीं, आणि तुझ्यावर कांहीं आलें तर साक्षीला आम्ही उभे राहूं. प्रचारकानें तेथल्या तेथें दूरध्वनि लाविला. मग भावांनीं गोणपाट काढिलें, आणि हरिणी गोठ्याबाहेर सर्वांच्या देखत लिंबाच्या सावलींत आणून ठेविली.

वनखात्याचीं माणसें दुपारीं आलीं. पंचनामा लिहितांना वनरक्षकानें विचारिलें, "सडकेवरून उचललें कोणी?" क्षणभर सगळ्यांनीं खालीं पाहिलें. थोरला भाऊ पुढें होऊन म्हणाला, "मीं." त्याच्या एका बाजूला प्रचारक उभा होता, दुसऱ्या बाजूला ती वृद्ध बाई काठी टेकून. वनरक्षकानें त्याच्याकडे बराच वेळ पाहिलें, सडकेवर जाऊन रक्ताचे डाग व फुटलेल्या दिव्याच्या कांचा पाहिल्या, आणि खबर देणारा म्हणून त्याचें नांव लिहून घेतलें. जनावरांच्या डॉक्टरानें तपासणी केल्यावर हरिणी पंचांसमक्ष जाळण्यांत आली.

त्या दिवशीं उपासना चार तास उशिरानें सुरू झाली. जेवणाला पिठलें-भाकरी होती.