क्रिऑनची बाजू लिहिताना

जे मत आपल्याला मान्य नाही, त्याचे समर्थन लिहून पाहणे नैतिकदृष्ट्या उचित आहे काय? स्वतःला न पटलेले दुसऱ्याच्या गळी उतरविण्याचा सराव म्हणजे असत्याचीच उपासना नव्हे काय? आमच्या धर्मग्रामातील तरुणांच्या लेखनवर्गात हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला.

निमित्त होते सोफोक्लीजच्या ‘अँटिगनी’ या शोकांतिकेचे. इ. स. पूर्व ४४१च्या सुमारास अथेन्समध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकातील पेच अद्याप जुना झालेला नाही. थीब्जच्या राज्यासाठी दोघे भाऊ लढतात आणि एकमेकांच्या हातून मरतात. नवा राजा क्रिऑन हा त्यांचा मामा. नगराचे रक्षण करणाऱ्या भाच्याला तो सन्मानाने मूठमाती देतो. परके सैन्य घेऊन चालून आलेल्या पॉलिनिसिसचे प्रेत मात्र उघड्यावर टाकण्याची आज्ञा करतो. बहीण अँटिगनी ती आज्ञा मोडून भावाच्या देहावर माती लोटते. देवांचे अलिखित नियम राजाज्ञेहून श्रेष्ठ, अशी तिची श्रद्धा.

आम्ही मुलांना क्रिऑनच्या बाजूने भाषण लिहावयास सांगितले. त्याला खलनायक करावयाचे नाही, एवढीच अट घातली. प्रारंभी सर्वांनी नाके मुरडली. परंतु लिहिता लिहिता त्यांना युद्धाने पोळलेले नगर दिसू लागले. रक्षणकर्ता आणि आक्रमक यांना एकच मान दिला, तर कायद्याची बूज कोण राखील, हा राजाचा प्रश्नही उमगला. आम्हीही एक भाषण लिहिले. ते फारच सहज उतरले, आणि त्या सहजतेनेच आम्ही अस्वस्थ झालो. ज्याच्या प्रवचनाला भर मंदिरात कोणी उठून उत्तर देत नाही, त्याला क्रिऑनचा स्वर परका नसतो.

वर्ग संपताना एका मुलीने विचारले, “फादर, शेवटी अँटिगनी गळफास घेते. ती आपल्यातली असती, तर तिला तरी आपली माती मिळाली असती का?”

उत्तर आम्हांस ठाऊक होते. जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याने मृत्यूपूर्वी पश्चात्तापाची खूण दिली नसेल, तर त्याला ख्रिस्ती दफनविधी नाकारावा, असे १९१७चा कॅनन कायदा सांगत होता. १९८३च्या संहितेत तो निर्बंध उरला नाही. तीव्र मानसिक व्यथेमुळे माणसाची जबाबदारी उणावू शकते, हे १९९२च्या धर्मशिक्षण ग्रंथाने मान्य केले. “आज मिळाली असती, पूर्वी बहुधा नाही,” असे आम्ही त्या मुलीला सांगितले.

जुन्या नियमाची बाजूही आम्हांला लिहिता येईल. जीवन ही देवाची देणगी. तिचा अव्हेर सन्मानिला, तर दुर्बळ मनांना चुकीचा धडा मिळेल. हा युक्तिवाद पोकळ नाही. मात्र प्रेताच्या उशाशी बसलेली आई त्यात कोठेच दिसत नाही. क्रिऑनच्या भाषणातील उणीवही हीच. आम्हांला ती दिसली, कारण ते भाषण आम्ही पूर्ण ताकदीने लिहिले. प्रतिपक्षाच्या तोंडी दुबळे शब्द घातले असते, तर वाद जिंकला असता आणि शिकणे राहून गेले असते.

नाटकात क्रिऑनचा पुत्र हीमॉन पित्याशी प्रथम आदराने बोलतो. पुरात वाकणारे झाड तगते, हा दाखला देतो. नगरजनांची कुजबुज त्याच्या कानी घालतो. राजा ऐकत नाही. पुढे द्रष्ट्या टायरिसिअसच्या इशाऱ्याने तो वरमतो खरा. पण गुहेशी पोहोचतो तेव्हा अँटिगनी गेलेली असते.

म्हणून आम्हांस वाटते, फसविण्यासाठी परमत सजविणे हे पाप आहे; पण ते समजून घेण्यासाठी लिहिणे ही ऐकण्याचीच साधना आहे. ज्यांच्या शब्दाने इतरांच्या मरणाचाही निवाडा होतो, त्या आम्हांसारख्यांनी तर ती वेळीच करावयास हवी.