मिटलेले ओठ

केरळातल्या एका शाळेत तीन भावंडं शिकत होती. एक भाऊ, दोन बहिणी. घर ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाचं. स्तुती फक्त देवाची गायची, ही त्या घरची शिकवण. या पंथाची माणसं कुठल्याच देशाचं राष्ट्रगीत गात नाहीत.

सकाळी राष्ट्रगीत सुरू झालं की तिघं सगळ्यांबरोबर अदबीनं उभी राहत. ना चुळबुळ, ना कुजबूज. फक्त ओठ मिटलेले. त्यांच्या थोरल्या बहिणीही याच शाळेत अशाच उभ्या राहून शिकून गेल्या होत्या. कुणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं.

1985 च्या जुलैत ही गोष्ट एका गृहस्थांच्या कानी गेली. गृहस्थ आमदार होते. त्यांना हा देशाचा अवमान वाटला आणि त्यांनी विधानसभेत प्रश्न विचारला. चौकशी बसली. मुलं सरळमार्गी आहेत, त्यांनी कसलाही अनादर केलेला नाही, असंच चौकशीत निघालं. पण तोवर गवगवा झाला होता. वरून हुकूम आला आणि 26 जुलैपासून तिघांची नावं शाळेतून काढली गेली. सरकारचा निर्णय होईपर्यंत तरी मुलांना वर्गात बसू द्या, अशी विनंती वडिलांनी केली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, माझ्या हातात काही नाही.

शेवटी मुलांच्या वतीनं उच्च न्यायालयात अर्ज केला गेला. तिथे राष्ट्रगीताचा शब्द न् शब्द तपासला गेला. यात कुणाच्या धर्माला दुखावणारं काहीच नाही, असं सांगून अर्ज फेटाळला गेला. गीतात खोट आहे असं मुलांचं म्हणणंच नव्हतं, ही गोष्ट मात्र राहून गेली.

मग प्रकरण दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी साधे प्रश्न धरले: यांची श्रद्धा मनापासूनची आहे का? ती होती. राष्ट्रगीत गायलाच हवं असा कायदा आहे का? तो नव्हता. आणि मान राखून उभं राहणं हा अनादर कसा?

मला या गोष्टीत शाळेतल्या गुरुजी-बाईंचंच जास्त वाईट वाटतं. रोज समोर उभी असलेली मुलं त्यांनी पाहिली होती, म्हणून त्यांना कधी शंका आली नाही. लांबून पाहणाऱ्याला तेवढे मिटलेले ओठ दिसले. आणि मुलांना ओळखणाऱ्या त्याच शाळेला, हुकूम आल्यावर, त्यांच्या बाजूनं बोलता आलं नाही.

11 ऑगस्ट 1986 ला निकाल लागला. मुलांना परत शाळेत घ्या आणि त्यांचं शिक्षण विनाअडथळा चालू द्या, असा आदेश निघाला. तोवर वर्ष उलटून गेलं होतं.